आधी विहीर, मग तट

मालवण तालुक्यातल्या मसुरे गावाच्या डोंगरावर भरतगड आहे. १६७० साली शिवाजी महाराजांनी हा डोंगर पाहिला होता. जागा मोक्याची होती. खाली गड नदी, पुढे कालावलची खाडी, आणि खाडीतून थेट समुद्राची वाट. पण डोंगरावर पुरेसं पाणी नव्हतं, म्हणून महाराजांनी इथे किल्ला बांधण्याचा विचार सोडून दिला. पुढे वाडीच्या फोंड सावंतांनी हाच डोंगर निवडला. पलीकडच्या तीरावर भगवंतगड होता आणि तो प्रतिस्पर्ध्यांच्या हातात होता, त्यामुळे घाई करायला कारण पुरेसं होतं. तरीही सावंतांनी गड पुरा करण्याआधी डोंगरात विहीर खणायला घेतली. जुन्या गॅझेटियरने तिची खोली २२८ फूट नोंदवली आहे. पाणी लागलं आणि १७०१ साली गड पुरा झाला.

एकाने पाहणी करून बेत रद्द केला, दुसऱ्याने पाणी लागल्याची खात्री करून बांधकाम तडीस नेलं. दोन्ही निर्णयांत प्रश्न एकच होता: हे बांधकाम कुठे दगा देईल, आणि ते आधी कसं कळेल?

मसुऱ्यासारख्या गावांतून पिढ्यान् पिढ्या माणसं मुंबईला गेली. आजोबा गिरणीत किंवा गोदीत, वडील पोस्टात, बँकेत, बेस्टमध्ये. त्यानंतरची पिढी अंधेरीच्या सीप्झमध्ये आणि पुण्याच्या हिंजवडीत संगणकापुढे बसली. या पिढीच्या धंद्यातही सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कमी बोलला गेलेला प्रश्न हाच आहे. सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, कोणी विकलं, कोण श्रीमंत झालं, याचा इतिहास बराच सांगून झाला. ते कोणी तपासलं, कधी तपासलं आणि कोणाच्या यंत्रावर तपासलं, हा इतिहास मात्र मागे राहिला. त्याचं कारण साधं आहे. तपासणी नीट झाली, की सांगण्यासारखं काही घडतच नाही.

सुरुवात टंचाईची होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय बनावटीचा 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये पूर्ण रूपात चालू झाला. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकी यंत्र आलं आणि बाहेरच्या संस्थांचे संशोधकही आपले प्रोग्राम घेऊन तिथे येऊ लागले. देशात यंत्रं मोजकी आणि वापरणारे पुष्कळ, अशी स्थिती होती. प्रोग्राम कोडिंग शीटवर पेन्सिलीने लिहायचा, तो ८० रकान्यांच्या पंच कार्डांवर उतरवायचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि छापील निकालाची वाट पाहायची. एक स्वल्पविराम चुकला तरी सगळा फेरा नव्याने. म्हणून यंत्राला हात लावण्याआधी माणूस स्वतःच यंत्र व्हायचा. कागदावर एकेक ओळ चालवून पाहायची, प्रत्येक चलाची किंमत बाजूला लिहायची, कुठे गडबड होते ते शोधायचं. याला 'ड्राय रन' म्हणत. तपासणीचा हा पहिला धडा परिस्थितीने शिकवला. चूक महाग होती, म्हणून ती आधीच शोधणं परवडत होतं.

१९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. त्याच वर्षी जर्मनीतल्या गार्मिश इथे 'नाटो'च्या पुढाकाराने जगभरचे संगणकतज्ज्ञ जमले होते. सॉफ्टवेअर वेळेत होत नाही, ठरलेल्या पैशांत होत नाही आणि झालंच तर भरवशाचं नसतं, ही तिथली तक्रार होती. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्दप्रयोग त्याच परिषदेने रूढ केला. पूल बांधण्यामागे जसं शास्त्र असतं तसं प्रोग्राममागेही असावं, अशी ती अपेक्षा होती. मुंबईतली नवी कंपनी तेव्हा टिस्कोसाठी पंच कार्डांची कामं आणि सेंट्रल बँकेसाठी शाखाशाखांमधल्या व्यवहारांचा ताळमेळ अशी कामं करत होती. १९६९ मध्ये टाटा इलेक्ट्रिकमधून फकीरचंद कोहली तिथे आले. ते मूळचे वीज अभियंते. विजेच्या जाळ्यात एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी अंधार करते, हे त्यांना धंद्यातून ठाऊक होतं.

१९७४ मध्ये अमेरिकेच्या बरोज कंपनीचं काम आलं. रुग्णालयाच्या हिशेबाचं एक पॅकेज बरोजच्या एका जातीच्या यंत्रासाठी कोबोल भाषेत लिहिलेलं होतं. ते त्याच कंपनीच्या दुसऱ्या, लहान यंत्रावर चालेल असं करून द्यायचं होतं. परकीय चलनाची चणचण आणि आयातीचे परवाने यांमुळे हवं ते यंत्र हवं तेव्हा मिळण्याची सोय नव्हती. सॉफ्टवेअरच्या निर्यातीची हमी दिली तरच यंत्र आणायला मुभा मिळे. हाताशी होता तो ब्रिटिश बनावटीचा आयसीएल १९०३. तेव्हा एक वेगळीच वाट काढली गेली. एकेक ओळ हाताने बदलण्याऐवजी, जुना प्रोग्राम वाचून नवा लिहिणारा प्रोग्रामच तयार केला आणि तो आयसीएलवर चालवला.

या युक्तीचं मोल पैशांपुरतं नव्हतं. शंभर माणसांनी हाताने केलेल्या बदलांत शंभर प्रकारच्या चुका असतात. यंत्राने केलेल्या बदलात चूक असलीच तर ती सगळीकडे सारखी असते. एकदा सापडली की सगळीकडे दुरुस्त होते. तपासण्याचा भार कमी व्हावा म्हणून लिहिण्याची रीतच बदलायची, हा विचार त्यात होता. पुढे पंचवीस वर्षांनी तोच विचार सगळ्या उद्योगाच्या कामी आला.

पुण्याचा अध्याय १९८१ मध्ये सुरू होतो. त्या वर्षी जुलैमध्ये सात अभियंत्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर पुण्यात इन्फोसिस काढली. हे सातही जण पटणी कॉम्प्युटर सिस्टीम्समध्ये एकत्र काम केलेले होते. नव्या कंपनीकडे स्वतःचा संगणक नव्हता. काम अमेरिकेतल्या ग्राहकाच्या यंत्रावर जाऊन करावं लागे. १९८३ मध्ये कंपनीने बंगळूर गाठलं. त्याच १९८१ मध्ये पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर उभं राहिलं. तिथे सॉफ्टवेअर संशोधनाची धुरा केशव नोरी यांच्याकडे होती. झुरिकला निकलाउस विर्थ यांच्या गटात पास्कल भाषेचा कंपायलर दुसऱ्या यंत्रांवर नेणं सोपं करणाऱ्या कामात त्यांचा वाटा होता. एका भाषेतला प्रोग्राम यंत्राकडून दुसऱ्या भाषेत उतरवून घेणं, तो न चालवताच नुसता वाचून त्यातली खोट काढणं, ही विद्या पुण्यात रुजायला सुरुवात झाली ती इथे.

शहराची बाजूही भक्कम होती. अभियांत्रिकी महाविद्यालयाची परंपरा १८५४ पासूनची. टेल्को, बजाज, किर्लोस्कर यांच्यासारखे कारखाने शेजारी. मुंबई हाकेच्या अंतरावर. १९८८ मध्ये सीडॅक आलं आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. १९९० मध्ये अमेरिकेतून पीएच.डी. करून परतलेल्या आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट सिस्टीम्स काढली. त्याच वर्षी कीर्तने अँड पंडित या सनदी लेखापालांच्या पेढीतून रवी पंडित आणि किशोर पाटील यांची केपीआयटी उभी राहिली.

त्या काळात काम पोचवण्याची रीत आज ऐकताना नवल वाटतं. सॉफ्टवेअर चुंबकीय टेपवर भरून विमानाने परदेशी धाडावं लागे आणि मध्ये कस्टमचा उंबरा असे. तिकडे ते चाललं नाही तर दुरुस्तीची पुन्हा टेप. चूक कळणं आणि ती दुरुस्त होणं, यांत आठवडे जात. १९९० च्या सुमारास पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वर इथे सरकारी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू झाले आणि त्यांच्या उपग्रह दुव्यांवरून ६४ केबीपीएस वेगाने डेटा पाठवता येऊ लागला. आजच्या मोबाइलपुढे हा वेग काहीच नाही, पण त्या दुव्याने टेपची जागा घेतली. अमेरिकेत रात्र झाली, की तिकडची मोठी यंत्रं मोकळी होत. तेव्हा पुण्यात सकाळ असे. यंत्राची टंचाई काही अंशी घड्याळाच्या फरकाने भरून निघाली.

मग वर्ष २००० जवळ आलं.

या संकटाचं मूळ त्याच ८० रकान्यांच्या कार्डात होतं. जागा वाचवण्यासाठी प्रोग्रामर १९६८ ऐवजी नुसतं ६८ लिहीत. कार्डं गेली, डिस्क स्वस्त झाल्या, पण जुन्या प्रोग्रामांवर नवे प्रोग्राम चढत गेले आणि दोन आकडी वर्ष टिकून राहिलं. १९३५ साली जन्मलेल्या माणसाचं २००० साली वय काढताना यंत्र ०० मधून ३५ वजा करणार होतं. पेन्शन, विमा, कर्जाचं व्याज, औषधाची मुदत, सगळ्याचा हिशेब त्या दोन रिकाम्या जागांवर अडला होता. अमेरिका आणि युरोपातल्या बँकांकडे कोबोलच्या कोट्यवधी ओळी होत्या आणि त्या वाचू शकणारी माणसं निवृत्त होत होती. कोबोल जाणणारी तरुण माणसं भारतात होती. टीसीएस, पटणी, सिंटेल, मास्टेक, इन्फोसिस, विप्रो यांच्याकडे कामाचा ओघ लागला.

काम दिसायला सोपं होतं: वर्ष कुठे कुठे लिहिलंय ते शोधा आणि बदला. एक उपाय म्हणजे दोन आकड्यांचे चार करणं. पण मग प्रत्येक फाइलची लांबी बदलते आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्राम बदलावा लागतो. दुसरा उपाय 'विंडोइंग'चा. ५० च्या खालचा आकडा आला तर २०००चं शतक, वरचा आला तर १९००चं, असा नियम बसवायचा. हा उपाय स्वस्त आणि झटपट होता, पण त्याने अडचण मिटत नव्हती, फक्त पुढे ढकलली जात होती. शोधण्याचं काम करायला प्रोग्राम वाचणारी साधनं तयार झाली. एखाद्या रकान्याचं नाव 'तारीख' नसलं तरी त्यात तारीखच वाहते आहे, हे त्या साधनांनी माग काढून दाखवलं. बरोजच्या कामातली जुनी युक्ती इथे कारखान्याच्या प्रमाणावर वापरली गेली.

खरा वेळ तपासणीत गेला. एकूण कष्टांपैकी जवळजवळ निम्मे टेस्टिंगवर खर्च होतात, असा या कामाचा सर्वसाधारण हिशेब होता. आधी जुना प्रोग्राम चालवून निकाल जपून ठेवायचा. मग दुरुस्त प्रोग्राम त्याच माहितीवर चालवायचा. दोन्ही निकाल तंतोतंत जुळले पाहिजेत, कारण दुरुस्ती करताना दुसरंच काही मोडलेलं चालणार नव्हतं. त्यानंतर वेगळ्या ठेवलेल्या यंत्राचं घड्याळ पुढे न्यायचं. ३१ डिसेंबर १९९९ ची मध्यरात्र ओलांडायची. मग २८ फेब्रुवारी २०००. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं. पण चारशेने भाग जाणारं असतं. हा दुसरा नियम विसरलेले प्रोग्राम २९ फेब्रुवारी नाकारत. ९ सप्टेंबर १९९९ ही तारीखही तपासायची, कारण अनेक जुन्या प्रोग्रामांत ९९९९ हा आकडा 'इथे माहिती संपली' अशी खूण म्हणून वापरलेला होता. हजारो तरुणांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. त्यात नवं काही घडवल्याचा आनंद नव्हता. होती ती फक्त चिकाटी.

१ जानेवारी २००० उजाडला. दिवे चालू होते, विमानं उडत होती, बँका शाबूत होत्या. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या संकेतस्थळावर वर्ष १९१०० असं झळकलं, अशा काही गमती तेवढ्या घडल्या. लगेच लोक म्हणू लागले की सगळा बागुलबुवाच होता आणि पैसे वाया गेले.

हा निवाडा अन्यायाचा होता, हे इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये दिसलं. तिथल्या रुग्णालयातल्या एका प्रणालीतली तारखेची चूक तपासणीतून निसटली होती. गर्भाला डाउन सिंड्रोमचा धोका किती, हे ती प्रणाली आईच्या वयावरून आणि रक्ताच्या चाचणीवरून काढत असे. जानेवारी २००० पासून वयाचा हिशेब चुकू लागला. दीडशेहून अधिक गर्भवतींना धोका कमी असल्याचं चुकीचं कळवलं गेलं आणि मे महिन्यापर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नाही. जगभरच्या बाकी रुग्णालयांत, बँकांत, वीजकेंद्रांत असं घडलं नाही, कारण पुण्यात, मुंबईत, चेन्नईत आणि इतर शहरांत कोणीतरी रात्री जागून घड्याळं पुढेमागे केली होती. ती नावं कुठे नोंदलेली नाहीत.

या कामाने भारतीय कंपन्यांना दोन गोष्टी दिल्या. ग्राहकांशी ओळख झाली, आणि शिस्तीचा लौकिक मिळाला. अमेरिकेच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने कंपन्यांच्या कामाची पद्धत जोखायला पाच पायऱ्यांचं मोजमाप ठरवलं होतं. त्यातली पाचवी पायरी गाठणाऱ्यांत भारतीय नावं ठळक होती. प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची, प्रत्येक बदलावर सही हवी, प्रत्येक दोष मोजायचा. हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसत होता आणि 'टेस्टर' हे पद तिथे स्वतंत्र करिअर झालं होतं.

मात्र याच मांडणीत एक दोष दडला होता. आधी गरजा लिहायच्या, मग आराखडा, मग प्रोग्राम आणि अखेरीस टेस्टिंग, असा धबधब्यासारखा क्रम सगळ्यांनी धरला होता. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी एका लेखात या क्रमाचं चित्र काढलं होतं. पण तपासणी शेवटी ठेवणं धोक्याचं आहे, हेही त्याच लेखात बजावलं होतं. उद्योगाने चित्र उचललं, इशारा मागे राहिला. आधीच्या टप्प्यांना उशीर झाला की ग्राहकाला दिलेली तारीख तशीच राही आणि कात्री लागे ती टेस्टिंगच्या दिवसांना. तट बांधून झाल्यावर विहीर खणायची, तीही उरलेल्या दोन दिवसांत, अशी ती गत होती.

बदल बाहेरून आला. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात 'जेयुनिट' नावाचं छोटं साधन लिहिलं. प्रोग्रामरने प्रोग्राम लिहिण्याआधीच त्याची चाचणी लिहावी, ही बेक यांची शिकवण होती. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी 'अजाइल'चा जाहीरनामा मांडला: काम लहान तुकड्यांत करा, चालणारं सॉफ्टवेअर लवकर दाखवा, बदलाचं स्वागत करा. २००४ मध्ये जेसन हगिन्स यांनी 'सेलेनियम' तयार केलं. त्यामुळे ब्राउझर माणसाऐवजी प्रोग्राम चालवू लागला. तोच फॉर्म शंभर वेळा भरून पाहणं यंत्राकडे गेलं. हे भारतात यायला वेळ लागला. किंमत आधी ठरवलेल्या करारात 'बदलाचं स्वागत' बसत नव्हतं, आणि एक्सेलच्या तक्त्यांतून टेस्ट केस चालवणाऱ्या मोठ्या वर्गाला आता प्रोग्रामिंग शिकावं लागणार होतं. अनेकांनी तिशीत, पस्तिशीत रात्री अभ्यास करून ते शिकून घेतलं. शिकता न आलेल्यांना नोकरी टिकवणं अवघड गेलं.

यंत्राची टंचाई संपली ती २००६ मध्ये. त्या वर्षी ॲमेझॉनने आपल्या डेटा सेंटरमधली संगणकशक्ती तासावर भाड्याने द्यायला काढली; हाच 'क्लाउड'. सुरुवातीचा दर तासाला दहा सेंट, म्हणजे तेव्हाचे पाच रुपयेही नाहीत. १९७४ मध्ये ज्या गोष्टीसाठी सरकारी परवाने आणि निर्यातीच्या हमी लागत, ती आता क्रेडिट कार्डावर मिळू लागली. चाचणीसाठी शंभर यंत्रं अर्धा तास घ्यायची आणि काम झालं की सोडून द्यायची. पुण्यात २००८ मध्ये व्हेरिटास कंपनीत काम केलेल्या अभियंत्यांनी 'द्रुवा' सुरू केली. पुढे तिने कंपन्यांची माहिती क्लाउडवर जपून ठेवण्याच्या धंद्यात जगभर नाव केलं.

टेस्टिंग आणि क्लाउड यांची सर्वांत नेमकी गाठ मुंबईत पडली. आयआयटी मुंबईतले दोन मित्र, रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल, स्वतःची कन्सल्टन्सी चालवत होते. तिच्यासाठी संकेतस्थळ बनवताना जुनी अडचण आडवी आली: ते पान इंटरनेट एक्सप्लोररच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर नीट दिसतं का? त्यासाठी प्रत्येक आवृत्तीचं वेगळं यंत्र हवं. ही अडचण आपल्या एकट्याची नाही, हे त्यांना उमगलं. २०११ मध्ये त्यांनी 'ब्राउझरस्टॅक' सुरू केलं. जगात कुठेही बसलेल्या प्रोग्रामरने आपल्या पडद्यावर हवा तो ब्राउझर उघडावा. तो प्रत्यक्षात चालेल दूरच्या डेटा सेंटरमध्ये. नंतर त्यात खरेखुरे मोबाइल फोनही आले, मांडणीवर ओळीने लावलेले आणि दुरून चालवता येणारे. बाहेरचं मोठं भांडवल घ्यायला कंपनीने २०१८ उजाडू दिलं. जून २०२१ मध्ये तिचं मूल्य चार अब्ज डॉलर ठरलं.

या यशाच्या मध्येच एक धक्का आहे आणि तो गाळून पुढे जाता येत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये एका घुसखोराने कंपनीच्या यंत्रणेत शिरून हजारो ग्राहकांना बदनामीचं पत्र पाठवलं. शिरकाव झाला होता एका जुन्या, वापरात नसलेल्या यंत्रातून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उघड झालेल्या 'शेलशॉक' या दोषाची दुरुस्ती बाकी यंत्रांवर झाली, त्या एकावर राहिली होती. कंपनीने काय घडलं ते तपशीलवार लिहून ग्राहकांपुढे ठेवलं. क्लाउडवर यंत्र घेणं सोपं झालं तसं ते विसरणंही सोपं झालं, हे त्या निवेदनातून सगळ्या धंद्याला कळलं.

ढग म्हटला तरी त्याला जमीन लागते. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने भारतात तीन ठिकाणी क्लाउडची केंद्रं सुरू केली. त्यांतली दोन, पुणे आणि मुंबई, महाराष्ट्रात होती. जून २०१६ मध्ये ॲमेझॉनचं मुंबई केंद्र आलं. जानेवारी २०१८ मध्ये राज्य सरकारने सरकारी कामासाठी पब्लिक क्लाउड धोरण जाहीर केलं आणि असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. त्याच वर्षी १ मे रोजी डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. मसुऱ्यातल्या माणसाचा क्लाउडशी पहिला संबंध बहुधा असा आला असेल, जमिनीच्या उताऱ्यातून.

यंत्रं मुबलक झाली. तपासणी मुबलक झाली का, हा प्रश्न उरतो. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलालीच्या कंपनीत नवा प्रोग्राम आठ सर्व्हरांवर चढवायचा होता; तो सातांवरच चढला. आठव्यावरचा जुना भाग जागा झाला आणि पाऊण तासात कंपनीने सुमारे ४४ कोटी डॉलर गमावले. प्रोग्राम तपासला होता, चढवण्याची रीत तपासली नव्हती. 'डेव्हऑप्स' या नावाखाली लिहिणारे, तपासणारे आणि चालवणारे एका टेबलाशी आले. त्यामागे अशा प्रसंगांचीच शिकवण होती.

२८ एप्रिल २०२१ रोजी कोविडच्या लसीकरणासाठी १८ वर्षांवरच्या सर्वांना 'को-विन' या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी खुली झाली. सुरुवातीला यंत्रणा अडखळली, मग सावरली, आणि पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून जास्त लोकांनी नोंदणी केली. यंत्रणेने भार पेलला. पण शहरातल्या तरुणांनी वेगवान इंटरनेटच्या जोरावर ग्रामीण आरोग्य केंद्रांतल्या वेळा पकडल्या आणि गावातली माणसं रेंज शोधत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर प्रश्न विचारले. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागच्या जागी नोंदणीची मुभा मिळू लागली. सेकंदाला किती विनंत्या झेपतील हे तपासता येतं. फोन नसलेल्या आजीला लस मिळेल का, हीही चाचणीच आहे, आणि ती कोणत्याही साधनात तयार मिळत नाही.

त्याच मे महिन्यात, १६ तारखेला, तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेलं. झाडं पडली, विजेचे खांब पडले, मोबाइल यंत्रणा कोलमडली. टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून गावी येऊन लॅपटॉपवर काम करणाऱ्यांचा कामाशी संबंध तुटला. पुण्यातली डेटा सेंटरं चालूच होती. तुटला होता तो माडाखालून घरात येणारा शेवटचा धागा.

आणि १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी फाइल जगभर पाठवली आणि विंडोजवर चालणारी ८५ लाख यंत्रं बंद पडली. भारतीय विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीच्याच चौकशीत कारण सापडलं: एका बाजूला २१ रकाने अपेक्षित होते, दुसऱ्या बाजूने २० येत होते, आणि फाइल तपासणाऱ्या साधनातच खोट असल्याने ती फाइल पास झाली. शिवाय ती टप्प्याटप्प्याने न पाठवता सगळीकडे एकदम गेली. पंच कार्डांच्या काळातल्या कोणाही जाणत्या माणसाने रकाने आधी मोजून पाहायला सांगितलं असतं.

या साठ वर्षांचा हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला पुष्कळ आहे. यंत्रासाठी रांग संपली, चूक कळायला लागणारे आठवडे मिनिटांवर आले, मुंबईत लिहिलेलं पान त्याच क्षणी शेकडो फोनांवर पाहता येऊ लागलं. खर्चाच्या बाजूला हे आहे, की एका चुकीचा पल्ला एका कार्यालयापुरता राहिला नाही. आता प्रोग्राम लिहायलाही कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली जाते. लिहिणं सोपं झालं तितका तपासणाऱ्यावरचा भार वाढला आहे. त्याच्याकडे आता असे प्रोग्राम येतात, जे कोणी माणसाने ओळीओळीने विचार करून लिहिलेले नाहीत.

भाद्रपदात कोकणकन्येने किंवा रातराणीने मसुऱ्याकडे निघालेल्या चाकरमान्याच्या पाठीवर आता लॅपटॉपची सॅक असते. गणपतीच्या दिवसांत ऑन-कॉलची पाळी कोणाची, यावर महिनाभर आधी टीममध्ये बोलणं होतं. पुण्यातला सहकारी पाच दिवस सांभाळतो, त्याला दिवाळीत परतफेड मिळते. तरीही काही जणांना पाळी टळत नाही. ते घरी पोचल्यावर पायांवर पाणी घेतात, देवाला नमस्कार करतात आणि आरती सुरू होण्याआधी फोन हातात धरून खळ्यातून पडवीत, पडवीतून विहिरीपाशी फिरून रेंज कुठे पुरी लागते ते बघून ठेवतात.